वरची ओळ

४ नोव्हेंबर

ही डायरी टूल विकणाऱ्या एका दुकानदारानं फार वर्षांपूर्वी फुकट दिलेली. पहिल्या चार पानांवर बायकोच्या सामानाच्या याद्या आहेत, साबण, साखर, काड्यापेट्या. पुढचं सगळं कोरं. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. मला शाळेपासून लिहिण्याचा कंटाळा. पण आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटात ठेवण्यासारखंही नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या जुन्या, आकड्यांवर धातू कापणाऱ्या सीएनसी मिलिंग मशीनला आम्ही आत्याबाई म्हणतो. हिरव्या अक्षरांचा पडदा, सारखी कुरकुर, आणि सकाळी हलवायला गेलं की रुसवा. तिचं सेटिंग काका करतात. माझे सख्खे काका नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना काका म्हणतो. सेटिंग म्हणजे जॉब, कापायचा तुकडा, कुठे बसवलाय आणि कापणारं कुठलं टूल किती लांब आहे हे मशीनला आकड्यांत सांगायचं. काका रोज सकाळी जुन्या कॅलेंडरची एक पट्टी जॉबवर धरतात, टूल हळूहळू खाली आणतात आणि पट्टी ओढत राहतात. पट्टी अडली की टूल टेकलं. मग तो आकडा ऑफसेटच्या, म्हणजे या सगळ्या आकड्यांच्या, पानावर भरतात. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढं माझं काम.

आज जेवणानंतर काका चष्म्याचा नंबर काढायला गेले. मालकांनी परवाच म्हटलं होतं की आता तूही सेटिंग शिकून घे. म्हणून एकटा असताना मी ऑफसेटचं पान उघडलं. खालच्या ओळी एकेका कामाच्या असतात. सगळ्यात वरची ओळ सगळ्यांची. तिथे टाकलेला आकडा प्रत्येक कामाला लागू होतो. ती शून्य असावी असं पुस्तकात आहे. तिथे ०.०४० होतं. चाळीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या निम्मं. मला वाटलं, चुकून राहिलेला कचरा आहे. मी शून्य केलं. खरं सांगायचं तर काकांची चूक सापडली म्हणून मनात गुदगुल्याही झाल्या.

मग दोन ते पाच मी पंपाची अठ्ठावन्न झाकणं काढली. पाचला इन्स्पेक्शनच्या बाई ट्रे घेऊन आल्या. त्यांना आम्ही दशांशबाई म्हणतो, कारण त्या चहासुद्धा "पाऊण नको, सात दशांश दे" असा मागतात. झाकणाची जाडी बारा मिलिमीटर हवी, वीस मायक्रॉन इकडेतिकडे चालतं. सगळी झाकणं चाळीसनं पातळ होती. जाड असती तर घासून बारीक करता आली असती. पातळ झाली ती भंगारात.

मालक आले, काय झालं म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, "काकांनी वरच्या ओळीत चुकीचा आकडा ठेवला होता. मी आत्ता बघितला आणि काढला."

आकडा होता हे खरं. काकांनी ठेवला होता हेही खरं असणार. फक्त मी तो आत्ता नाही, एक वाजता काढला होता, आणि भंगार त्यानंतर झालं.

५ नोव्हेंबर

सकाळी मी पोचलो तेव्हा काका आत्याबाईसमोर उभे होते, मालक यायचे होते. कुणीतरी गेटवरच काकांच्या कानावर घातलं होतं. रागावले नव्हते. नेहमीच्या आवाजात विचारलं, "काल दुपारी वरच्या ओळीला कोणी हात लावला होता का?"

मी कूलंटच्या बादलीकडे बघत म्हटलं, "नाही काका. पाचला बघितली तेवढंच."

ते बरं म्हणाले आणि कॅलेंडरची पट्टी घडी घालून खिशात ठेवली.

मग मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी होतो. मालकांनी विचारलं, आकडा होता का? काका म्हणाले, होता. तुम्हीच टाकला होता? हो, मीच. का टाकला होता, यावर काका नुसते उभे राहिले. मालकांना वाटलं, दिसलं नसेल, खालच्या ओळीऐवजी वर पडला असेल. चष्म्याचा नंबर वाढलाय हे काकांनीच कालच सुट्टी मागताना सांगितलं होतं. झालं. काकांना घासायच्या टेबलावर बसवलं, झाकणांच्या कडांचा बर, कापताना राहिलेली धारदार किनार, काढायला. आणि सेटिंग माझ्याकडे.

बायकोला संध्याकाळी सांगितलं, मी सेटर झालो. तिनं विचारलं, आणि काका? मी म्हटलं, त्यांचं वय झालं.

७ नोव्हेंबर

दोन दिवस डोक्यात हेच. आज एक गोष्ट सुचली आणि थोडं बरं वाटलं. समजा काकांचं सेटिंगच मुळात चाळीस मायक्रॉननं चुकत असेल आणि ते झाकायला त्यांनी वर ठिगळ लावलं असेल, तर? मी फक्त ठिगळ काढलं. फाटलेलं त्यांचंच. नाहीतर केबिनमध्ये सांगितलं असतं की, गप्प का राहिले? बरोबर असणारा माणूस गप्प राहतो का?

हे लिहून पुन्हा वाचलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

१३ नोव्हेंबर

मधला आठवडा सैल मापाच्या दुसऱ्या कामात गेला. नवीन सेटर म्हणून माझी पहिली कामगिरी. काल दुपारी, मशीन छान चालत असताना, निवांत सोळाही टूल पुन्हा सेट केली. वरच्या ओळीत स्वच्छ शून्य. काकांसारखं रोज सकाळी गारठलेल्या मशीनवर पट्टी ओढत बसायची गरजच नाही. एकदा नीट केलं की झालं.

बर असताना जॉब मोजत नाहीत, म्हणून दिवसाचा पहिला नगसुद्धा आधी घासायच्या टेबलावर जातो आणि तिथून इन्स्पेक्शनला. आज सकाळी पहिलं झाकण काकांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा मान वर करायचं धाडस झालं नाही. पाऊण तासानं दशांशबाईंची चिठ्ठी आली: १२.००. बरोब्बर. चिठ्ठी खिशात ठेवली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जेवताना काका समोरच्या बाकावर येऊन बसले आणि मला ठसका लागला. त्यांनी माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

२० नोव्हेंबर

बायको म्हणाली, काका-काकूंना एकदा जेवायला बोलव ना. आमची शिवणयंत्राची किल्ली तुटली होती तेव्हा काकांनी रविवारी घरी येऊन बसवून दिली होती, हे तिनं तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, बघू, सध्या कामाचा रेटा आहे. ती म्हणाली, "रेटा कामाचा आहे ना नक्की?" आणि भांडी घासायला गेली. बायकांना काहीही विचारायची सवय असते.

मागच्या पानावर तेलाचा डाग पडलाय. माझेच हात, दुसरं कोण. साबण लावून बसत जावं.

२९ नोव्हेंबर

सकाळी सव्वासातला गेलो तर काका माझ्या आधी आलेले. आत्याबाईच्या हेडवर, टूल धरणाऱ्या डोक्यावर, तळहात ठेवून उभे होते, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसे. मला बघून हात काढला आणि टेबलावर जाऊन बसले. माया सुटत नाही बिचाऱ्यांची. मला भडभडून आलं आणि रागही आला. असं समोर उभं राहून छळायची काय गरज?

स्टोअरवाला ओरडत होता, घासायच्या टेबलाला पॉलिश पेपर किती लागतो, खातात काय? बर काढायला कानस पुरते. काकांच्या बोटांच्या टोकांना पट्ट्या आहेत. म्हातारपणी हात कापतात, कानस निसटत असेल. मी स्टोअरवाल्याला म्हटलं, देत जा रे त्यांना मागतील तेवढा. निदान तेवढं तरी करू शकतो मी.

दशांशबाई म्हणाल्या, "तुमचे सकाळचे नग जरा जास्तच गुळगुळीत येतात. दुपारच्यांवर टूलच्या रेघा दिसतात, सकाळच्यांवर नाही." मी म्हटलं, सकाळी हात ताजा असतो. त्यांनी नग उलटून बघितला आणि ट्रेमध्ये टाकला. कौतुक करायला जीव जातो माणसांचा.

तीन आठवड्यांत माझा एकही नग रिजेक्ट नाही. मग माझंच बरोबर होतं ना? मग रोज हे का लिहितो?

१० डिसेंबर

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाले, बर काढायला पॅकिंगमधली कुणीही बाई चालेल. काकांना महिनाअखेरीला मोकळं करावं म्हणतो. पत्र तयार करून ठेवलंय. तुझं काय मत? तू त्यांच्या हाताखालचा, म्हणून विचारतो.

एवढीच वेळ होती. दोन वाक्यं बोलायची होती. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

बाहेर आलो तर काका टेबलावरून हाक मारत होते. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय म्हणे, मोतीबिंदू पिकायच्या आतच. "मालकांना वाटतंय डोळ्यांमुळे झालं, तर डोळे करून टाकू. मग काही म्हणायला जागा राहणार नाही." हसत होते. महिनाअखेरीचं त्यांना ठाऊक नाही. माझ्या एका खोट्यापायी हा माणूस डोळ्याला सुरी लावून घेतोय आणि मी उभा राहून मान डोलावतोय. मला माझी किळस आली, अगदी शब्दशः, बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं.

२२ डिसेंबर

काका उद्यापासून रजेवर. निघताना माझ्याकडे आले. "थंडी वाढलीय. सकाळी तिला जरा जास्त फिरव." मी म्हटलं, फिरवतो की, दहा मिनिटं रिकामी फिरवतो रोज. ते म्हणाले, "दहानं काय होतंय." मला लागलं ते. जाता जाता टोमणा. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार?

२३ डिसेंबर

सकाळचे अठरा नग रिजेक्ट. या वेळी उलटं, जाड. पहिलं झाकण साठ मायक्रॉननं जाड, मग हळूहळू कमी. अकरानंतरचे सगळे बरोबर. टूल तपासली, जॉब आवळणारा वाईस उघडून बुरादा झाडला, प्रोग्रॅम बघितला. कशातच काही नाही.

२४ डिसेंबर

पुन्हा तेच. सकाळचे जाड, अकरानंतर बरोबर. टेबलावर आता पॅकिंगमधली बाई बसते. ती कानशीनं कडा मारते आणि ट्रे पुढे सरकवते. दशांशबाईंनी झाकण उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "कालपासून सकाळच्या नगांवरही रेघा आहेत. पहिल्यांदाच."

मालक म्हणाले, "काकांचे डोळे गेले म्हणून चुकलं. तुझं काय गेलं?"

२६ डिसेंबर

जाड नग निदान घासून वाचवावेत म्हणून पॉलिश पेपर शोधायला काकांच्या टेबलाचा खण उघडला. आत जाड काचेची एक सपाट फळी होती, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवलेला, मध्ये झिजून पांढरा झालेला. जाडी मोजायचं त्यांचं स्वतःचं मायक्रोमीटर. आणि रबर लावलेला कॅलेंडरच्या पट्ट्यांचा गठ्ठा. पट्ट्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं रोजची एक ओळ. तारीख, जाडी, वेळ.

पहिली ओळ १३ नोव्हेंबरची. १२.०४, दहा पंचवीस. माझ्या पहिल्या कामगिरीचा दिवस, चिठ्ठीवर १२.०० आलं तो. मग रोजची ओळ. डिसेंबर लागला तसा आकडा वाढत गेलेला आणि वेळही पुढे सरकलेली. शेवटची ओळ २२ डिसेंबर, १२.०६, अकरा वाजता.

मी स्टुलावर बसलो. मग उठून आत्याबाईच्या हेडवर हात ठेवला. साडेआठ वाजले होते, लोखंड गारठलेलं. दर अर्ध्या तासानं हात लावत राहिलो. अकराला ते चहाच्या पेल्याइतकं कोमट झालं होतं आणि त्याच वेळी झाकणं बरोबर यायला लागली. शेवटच्या पट्टीवरची वेळही हीच होती.

एवढी साधी गोष्ट. हेड तापलं की लोखंड वाढतं आणि टूल तेवढं खाली उतरतं. नव्या मशीनला दहा मिनिटं पुरत असतील, या म्हातारीला तीन तास लागतात. काका सकाळी गार असताना सेट करायचे आणि ती तापली की वरच्या ओळीत चाळीस टाकून सगळं तेवढं उचलून घ्यायचे. ठिगळ नव्हतं ते. मी पुसलं, टूल खोल गेलं, झाकणं पातळ झाली. मग मी शहाणा, तापलेली असताना सेट करून बसलो. म्हणून रोज सकाळी टूल वर राहायचं आणि नग जाड यायचे. आणि ते जाड नग काका काचेवर घासून, मोजून, पुन्हा घासून बारावर आणायचे. सहा आठवडे, रोज पंधरा-अठरा. माझ्या खिशातल्या त्या चिठ्ठीवरचं १२.०० त्यांच्या बोटांचं होतं.

चिठ्ठी अजून पाकिटात आहे. काढून टाकवत नाही आणि ठेववतही नाही.

२७ डिसेंबर

अर्धा दिवस रजा घेऊन काकांच्या घरी गेलो. दोन जिने. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, बरं झालं आलास, सारखी तुझीच आठवण काढतात. पडदे ओढलेले होते. काका काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते, बोटांच्या पट्ट्या निघाल्या होत्या.

मी उभ्यानंच सांगितलं. "काका, तो आकडा मी एक वाजता काढला. पाचला नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आधी बस."

"कधीपासून?"

"तुला विचारलं तेव्हापासून. तू बादलीकडे बघत होतास. ज्याला ठाऊक नसतं, तो विचारल्यावर आधी पडद्याकडे वळून बघतो."

मालकांना का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"साडेदहाला तू चहाला जायचास," काका म्हणाले. "तू गेलास की मी तो आकडा टाकायचो. मुद्दाम. सहा वर्षं. पट्टी ओढायला शिकवली, टूल ओळखायला शिकवलं, म्हटलं एवढं एक आपल्याकडे राहू दे. नाहीतर उद्या आपल्याला कोण विचारणार? मालकांसमोर काय सांगणार होतो? की मी लपवून ठेवलं आणि पोरानं न कळून पुसलं?"

"रोज संध्याकाळी बोटांना मलम लावून घेताना हेच," काकू म्हणाल्या. "चूक माझीच आहे, चूक माझीच आहे. मी म्हटलं, मग सांगा त्याला. तर म्हणे, कुठल्या तोंडानं?"

कुठल्या तोंडानं. मी तेच शब्द पाच दिवसांपूर्वी इथे लिहिलेत.

अर्धी चूक त्यांची निघाली म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं हे कबूल करतो. लगेच त्याची लाज वाटली. त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. मी एक गोष्ट रचून सांगितली होती. दोन्ही एका मापानं मोजता येत नाहीत, आणि त्यांनी आपल्या चुकीपायी बोटांची सालटी काढून घेतली होती, मी काय केलं होतं?

महिनाअखेरीच्या पत्राबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. मालकांशी आधी बोलायला हवं. चार दिवस उरलेत.

२९ डिसेंबर

काल रविवार. आज दहा वाजता केबिनमध्ये गेलो. दशांशबाईंना बरोबर नेलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही. पट्ट्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. एक वाजता, बादली, "तुम्ही म्हणाल तसं", सगळं. मध्येच दशांशबाई म्हणाल्या, "तरीच त्या रेघा."

मालक एकेक पट्टी बघत होते. मला वाटलं ओरडतील. ते हळू बोलले. "अठ्ठावन्न झाकणांचं काही नाही, झाकणं पुन्हा निघतात. तू मला एका धडधाकट माणसाला आंधळा ठरवायला लावलंस."

मी म्हटलं, हो.

पत्र समोरच पडलं होतं, फक्त सही बाकी. त्यांनी ते उचलून खणात टाकलं. फाडलं नाही. म्हणाले, काका बरे होऊन आले की सेटिंग त्यांच्याकडे, तू घासायच्या टेबलावर. तोवर मशीन तू चालव, दुसरं कोणी नाही म्हणून. आणि सगळ्यांसमोर सांगायचं की चूक काकांची नव्हती, तुझी होती. मी हो म्हटलं. जा म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. स्टोअरवाला म्हणाला, म्हणजे पॉलिश पेपर तू खाल्लास. कुणी हसलं नाही. मला तरी तो बोलला म्हणून बरं वाटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मी सेटर राहिलो नाही, आणि का राहिलो नाही तेही. मला वाटलं रडेल, नातेवाइकांना काय सांगू म्हणेल. तिनं ऐकून घेतलं, माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "आता बोलवशील ना त्यांना जेवायला?" तिला धक्कासुद्धा बसला नाही. बायका खंबीर असतात हेच खरं. समोरच्या पानावर तिनं आधीच यादी लिहून ठेवलीय, साखर, चहा, काका-काकूंसाठी दोन ताटं जास्त. या डायरीत याद्या लिहायची तिची सवय जुनीच आहे.

१९ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. आता रोज सकाळी गार मशीनवर पट्टी ओढतो आणि साडेदहाला वरच्या ओळीत चाळीस टाकतो. तरी कधी पंधरानं जाड, कधी दहानं पातळ. मापात बसतं, पण काकांसारखं नाही. त्यांना विचारायला फोन उचलला आणि खाली ठेवला. डोळ्यात थेंब घालायची वेळ असते त्यांची.

माझ्याशी आता सगळे बोलतात, फक्त काही महत्त्वाचं माझ्यावर सोपवत नाहीत. दशांशबाई माझा नग दोनदा मोजतात. मोजू देत.

२ फेब्रुवारी

आज काका आले. नवा चष्मा, पातळ काचांचा. मालक गेटपर्यंत गेले होते आणि बोलताना जमिनीकडे बघत होते. मला वाटलं होतं मी एकटाच तसा बघतो.

काकांनी पट्टी ओढून सेटिंग केलं. मी घासायच्या टेबलावर बसलो. पहिलं झाकण माझ्याकडे आलं, मी कडांचा बर काढला आणि मोजायचा मोह आवरला नाही. १२.००. काचेवर ठेवायची वेळच आली नाही.

साडेदहाला चहाची घंटा झाली. सगळे निघाले, मीही उठलो. काकांनी हाक मारली. "चहा थांबेल. इकडे ये." माझा हात धरून हेडवर ठेवला. "किती टाकायचे?"

"चाळीस," मी म्हटलं.

"आठवून सांगू नको. हात लावून सांग."

मी हात तसाच ठेवला. कोमट होतं, पण डिसेंबरातल्या अकराइतकं नाही. "तीस?"

"टाक तीस."

टाकले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, जवळ न वाकता, आणि आम्ही चहाला गेलो. चहा गार झाला होता.

दुपारी जेवून परत आलो तेव्हा मालक दशांशबाईंबरोबर मशीनपाशी उभे होते. काकांनी ऑफसेटचं पान उघडलं आणि मागे वळून नोव्हेंबरातल्याच आवाजात विचारलं, "वरच्या ओळीला कोणी हात लावला होता का?"

मी पडद्याकडे बघितलं. हिरव्या अक्षरांत ०.०३० होतं.

"हो काका," मी म्हटलं. "मी लावला होता."

ते बरं म्हणाले आणि पुढचा जॉब लावायला वळले.